वाट डोक्यात बसव
हरिश्चंद्रगडाला पहिल्यांदाच जातोयस, तर खिरेश्वर–टोलार खिंडीची वाट फोनमध्ये उतरवून घे, पण चालताना सारखं तिच्यात डोकं घालू नकोस. खिंडीच्या वर, कातळटप्पा संपला की ढोरवाटा फुटतात. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघ. परतताना तीच जागा वेगळी दिसते. पावसाळ्यात धुकं उतरलं की हीच सवय कामी येते. स्क्रीनवरच्या ठिपक्यामागे चालणाऱ्याला आजूबाजूचं काही आठवत नाही. नव्या मुलांत हे फार दिसतं, मला खरंच काळजी वाटते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा वाचायला शीक: २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, सारखी उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा दाटल्या की चढ उभा. आणि खिरेश्वरात गावकऱ्यांना वाट विचारायला लाजू नकोस.