मॅलॉकचा पॉइंटर डीएमएला देऊ नकोस

अरे, तुझा डॉसमधे आवाज वाजवायचा कोड वाचला. आवाज फाटतोय म्हणून तू साउंड ब्लास्टर कार्ड बदललंस, आयआरक्यू (कार्डची सीपीयूला हाक मारायची लाइन) बदललास, स्पीकरची वायरसुद्धा बदललीस, आणि घोळ ज्या ओळीत आहे ती तेवढी जशीच्या तशी ठेवलीस. मॅलॉक, म्हणजे सी मधलं मेमरी मागायचं फंक्शन, त्याच्या पॉइंटरमधे डेटा सेगमेंटचा बेस (तो सुरू होतो तो ॲड्रेस) मिळवलास आणि उत्तर थेट ८२३७ ला, म्हणजे सीपीयूला मधे न घेता रॅममधून डेटा हलवणाऱ्या डीएमए चिपला दिलंस. बेस मिळवलास ते बरोबरच, पण तो झाला लिनिअर ॲड्रेस. पेजिंग चालू आहे ना बाबा, म्हणजे सीपीयू तो ॲड्रेस पेज टेबलात बघून रॅममधल्या खऱ्या जागेत बदलतो! डीएमएला फिजिकल, म्हणजे रॅममधला खरा ॲड्रेस लागतो. तुझं पेज टेबल सीपीयू बघतो, ८२३७ ला ते दिसतच नाही.

तुला सलग दिसणारं बफर खाली रॅममधे ४ केबीच्या तुकड्यांत कुठेही विखुरलेलं असेल, एखादा तुकडा स्वॅप होऊन डिस्कवर असेल, आणि १६ एमबीच्या वर असेल तर २४ बिटांत तो ॲड्रेस मावणारच नाही. मग खरखर नाही तर काय ऐकू येणार?

डीपीएमआयकडून, म्हणजे प्रोटेक्टेड मोडमधल्या प्रोग्रॅमला डॉसच्या सोयी देणाऱ्या इंटरफेसकडून, डॉस मेमरी (पहिल्या १ एमबीतली) माग, इंटरप्ट हेक्स ३१, फंक्शन ०१००. सेगमेंट मिळेल, त्याला १६ ने गुण, साध्या डॉसमधे तोच फिजिकल. विंडोजच्या डॉस बॉक्समधे टेस्ट करून "चालतंय की" म्हणून येऊ नकोस, तिथे विंडोज मधे पडून ॲड्रेस सांभाळून घेतं.

आणि ६४ केबीची हद्द, ती डीएमएला ओलांडता येत नाही! मी बफर दुप्पट मागायचो, १६ केबी हवं तर ३२, म्हणून टीममधे हसायचे सगळे, डॉसच्या ६४० केबीत कसली चैन म्हणे. पण बफर हद्दीच्या २०४८ बाइट आधी सुरू झालं तर ८२३७ तेवढे बाइट नीट देतो आणि मग त्याच ६४ केबीच्या सुरुवातीला जातो, कारण ॲड्रेसचे वरचे बिट धरणारं पेज रजिस्टर, चॅनल १ चं पोर्ट हेक्स ८३, आपणहून वाढत नाही. दुप्पट घेतलं की एक अर्धा भाग तरी हद्दीच्या आत राहतोच. तेव्हा गप्प बसायचो याचं आजही वाईट वाटतं, चांगलं भांडायला हवं होतं. आज लिनक्समधे डीएमए बफर मागितलं की दोन ॲड्रेस मिळतात, एक सीपीयूचा, एक डिव्हाइसचा. मी वेगळं काय सांगत होतो?

डीएमएच्या काउंटमधे एक कमी भर, ४०९६ साठी ४०९५. बाकी कोड छान आहे, आयएसआर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) तर माझ्यापेक्षा नीट लिहिलायस. पुन्हा पाठव, पण त्या ओळीत फिजिकल ॲड्रेस असेल तरच, नाहीतर मी फाइल उघडणार नाही.