सोळा किलोमीटरवर फुगा थांबेना

विचारा, सांगतो : वाचकांच्या प्रश्नांना सोलापूरच्या एका निवृत्त आयटीआय शिल्पनिदेशकाची उत्तरं

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. आम्ही अभियांत्रिकीची सहा मुलं-मुली. रीतसर परवानग्या काढून जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा जत्रेची गर्दी ओसरल्यावर, दक्षिण सोलापुरातल्या एका माळावरून फुगा सोडला. १,२०० ग्रॅमचा लॅटेक्सचा फुगा, खाली १,२०० ग्रॅमचं ओझं, त्यातच ४०० ग्रॅम वाळू. फुग्याच्या तोंडाशी हेलियम सोडायचा व्हॉल्व. १६ किमीवर दोन तास थांबवायचा बेत होता. १६,००० मीटरला व्हॉल्व दोन मिनिटं उघडला. चढायचा वेग सेकंदाला ५ मीटरवरून दीडवर आला, पण फुगा चढतच राहिला. वीस मिनिटांनी १८,२०० ला व्हॉल्व पुन्हा उघडला, तो मिटताना अर्ध्यात अडकला. फुगा उतरायला लागला म्हणून वाळू सोडायचा हुकूम दिला, तर वाळू पडेना. शेवटी आळंदच्या पुढे तुरीच्या रानात डबा मिळाला. आमचा प्रोग्रॅम चुकला का?
— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : प्रोग्रॅम चुकलाच, पण त्याचा नंबर तिसरा. पहिली गफलत फुग्याचा स्वभाव ओळखण्यात झाली.

तुम्ही धरून चाललात, की फुग्याला कुठली तरी उंची 'आपली' वाटते आणि तिथे नेऊन सोडला की तो राहतो. लॅटेक्सच्या फुग्याला अशी उंची नसते. रबर ताणत जातं, आतला दाब बाहेरच्या दाबाला जवळजवळ धरूनच राहतो. म्हणजे काय, तर १ ग्रॅम हेलियम जमिनीवर जेवढी हवा बाजूला सारतो, तेवढीच २० किमीवरही सारतो : साधारण सव्वासात ग्रॅम. स्वतःचा एक ग्रॅम वजा करा, सव्वासहा ग्रॅम उचल उरली. वर हवा विरळ होते खरी, पण फुगा तेवढाच मोठा होतो आणि हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणून हवामानवाल्यांचा फुगा मध्ये कुठे थांबत नाही, फुटेपर्यंत चढतो. तुमच्यासारखा फुगा खाली जेमतेम दोन मीटर रुंद असतो आणि ३० किमीच्या वर फुटताना दुमजली घराएवढा झालेला असतो.

घरी करून बघा. वाटीत गोटी टाकली तर हलवली तरी तळाशी परत येते. परातीत टाकली तर जिकडे धक्का तिकडे जाते. तुमचा फुगा परातीतली गोटी आहे. ताणत नाही अशा प्लॅस्टिकचा बंदिस्त फुगा मात्र वाटीतल्या गोटीसारखा वागतो. त्याचं आकारमान ठरलेलं, त्यामुळे जिथे हवेची घनता जुळते तिथे तो आपोआप थांबतो. इंटरनेट पुरवण्यासाठी सोडलेले 'लून' प्रकल्पाचे फुगे त्याच जातीचे होते. त्यांच्या पोटात हवेची वेगळी पिशवी असे, पंपाने तिच्यात हवा भरली की फुगा जड होऊन खाली, सोडली की वर. हवा काय, बाहेर हवी तेवढी. तो प्रकल्प २०२१ मध्ये बंद झाला, पण युक्ती झकास होती. तुमच्याकडे हेलियम आणि वाळू, दोन्ही बांधून दिलेली शिदोरी. संपली की संपली.

आता तुमचे आकडे. फुगा, ओझं आणि वर न्यायला जास्तीची एक किलो उचल धरली, तर एकूण ३,४०० ग्रॅम. भागिले सव्वासहा, म्हणजे सुमारे ५४५ ग्रॅम हेलियम. तरंगत ठेवायचा तर जास्तीची एक किलो उचल काढून टाकायला हवी, म्हणजे १६० ग्रॅम हेलियम बाहेर. एकसारख्या वेगाने चढताना जास्तीची उचल आणि हवेचा विरोध सारखेच असतात, आणि हा विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. वेग तिसऱ्या हिश्श्याहून खाली आला, म्हणजे जास्तीची उचल दहाव्या हिश्श्यावर आली. ९० ग्रॅम. दोन लिंबांचं वजन! तुम्ही १४५ ग्रॅम हेलियम सोडलात आणि १५ ग्रॅम राखून ठेवलात, आणि तेवढ्यावर फुगा वीस मिनिटांत १,८०० मीटर चढला (व्हॉल्व उघडा असतानाच्या दोन मिनिटांतले सुमारे ४०० मीटर वेगळे). मला विचाराल तर पहिल्या खेपेला हे काम उत्तमच झालं होतं. शेवटच्या १५ ग्रॅमसाठी दहा-बारा सेकंद व्हॉल्व उघडायचा होता.

इथे तुमचा प्रोग्रॅम येतो. त्याला फक्त उंची कळत होती. १६,००० आले, उघड. आयटीआयमध्ये भट्टीचं तापमान हाताने राखायला शिकवायचो तेव्हा दर बॅचमध्ये एक तरी पोरगं काट्याकडे डोळे लावून बसायचं. काटा ८०० ला टेकला की स्विच बंद, खाली आला की चालू. भट्टी ८४० पर्यंत जायची, मग ७५० ला यायची, आणि पोरगं घामाघूम. आम्ही त्याला हंटिंग म्हणायचो. काटा कुठे आहे यापेक्षा तो कुठल्या वेगाने कुठे निघालाय हे बघ, असं सांगून माझा घसा बसायचा. भट्टीला निदान वीज फुकट जायची तेवढंच, तुमचा हेलियम परत येत नाही. तेव्हा १४-१५ किमीपासूनच वेग बघून थोडा थोडा गॅस सोडा. दरवेळी सोडल्यावर मिनिट-दोन मिनिटं गप्प बसा. वेग काढताना जीपीएसच्या दोन लागोपाठच्या आकड्यांवर जाऊ नका, ते मीटर-दोन मीटर इकडेतिकडे नाचतात, निदान अर्ध्या मिनिटाची सरासरी घ्या. आणि १६ किमी म्हणजे १६,००० च असा हट्ट नको. वर-खाली अर्धा किलोमीटर त्याला फिरू द्या, शिदोरी दुप्पट पुरेल.

अडकलेल्या व्हॉल्वबद्दल. ही विद्यार्थिनी रविवारी तो घेऊन घरी आली होती, म्हणून खात्रीने लिहितो. ३२ मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्यावर झाकण, झाकण उचलायला खेळण्यातली नऊ ग्रॅमची सर्वो मोटर. आणि झाकणाखालचा वॉशर चक्क कुकरच्या जुन्या रिंगमधून कापलेला! जुगाडाचं मला कौतुक आहे, मीही तेच केलं असतं, आणि मीही तोंडावर पडलो असतो. आपल्या डोक्यावर १६-१७ किमीला उणे ८० अंशांच्या आसपास थंडी असते. चाचणी कुठे केली विचारलं, तर म्हणाली, घरच्या फ्रीजरमध्ये. घरचा फ्रीजर उणे १८ चा.

ओळखीतून थोडा सुका बर्फ मिळवला. तो उणे ७८ चा असतो. जाड हातमोजे घालून, अंगणात, उघड्यावर. बंद खोलीत त्याचा वायू साठतो आणि जीव गुदमरतो. थर्मोकोलच्या डब्यात व्हॉल्व अर्धा तास ठेवला. मोटर नुसती गुणगुणत राहिली, झाकण तसूभर हलेना. आतलं ग्रीस थिजलेल्या तुपासारखं झालेलं. वॉशर नखाने ठोकला तर प्लॅस्टिकसारखा टकटक वाजला. मग मोटर उघडून दाते स्पिरिटने पुसून कोरडे केले, वॉशर मऊ सिलिकॉनचा घातला. पुन्हा अर्धा तास. झाकण कुरकुरत का होईना, उघडलं आणि मिटलं. हे दहा वेळा केलं, मधल्या काळात दोन कप चहा झाला. पुढच्या खेपेला मोटरशेजारी छोटा हीटर ठेवा, बॅटरी थोडी जास्त जाईल.

वाळू का पडली नाही? तिचं उत्तर आळंदहून आलेल्या डब्यातच होतं : वाळूचा गोळा, नळीच्या तोंडाचा ठसा उमटलेला. पहाटे माळावर, दवात, उघड्या पोत्यातून भरली असणार. ओल वर जाऊन गोठली. भडभुंज्याच्या भट्टीतली वाळू बघितलीय ना, फुटाणे भाजतात ती? बारीक चाळलेली, खणखणीत कोरडी, हातात धरली तर बोटांतून पाण्यासारखी निसटते. तशीच करा. चाळा, कढईत तापवा, गरम असतानाच बाटलीत भरून बूच लावा. खडी, छर्रे असलं काही वापरू नका, खाली माणसं आहेत.

व्हॉल्वने दगा दिलेले तुम्ही पहिले नव्हेत. २७ मे १९३१ ला भौतिकशास्त्रज्ञ ऑग्युस्त पिकार आणि त्यांचे साहाय्यक पॉल किप्फर जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून फुग्याला टांगलेल्या बंद गोळ्यात बसून १५,७८१ मीटरवर गेले. खाली यायची वेळ झाली तर व्हॉल्वची दोरीच गुंतलेली. दिवसभर उन्हात तरंगत राहिले. संध्याकाळी गॅस थंड झाला तेव्हा कुठे फुगा उतरायला लागला, आणि रात्री ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीवर टेकला. यात तुमच्यासाठी एक सूचना दडलेली आहे. ऊन गेलं की गॅस आकसतो आणि उचल कमी होते, म्हणून दोन तास थांबायचं असेल तर सूर्यास्ताच्या आसपासची वेळ धरू नका, नाहीतर सगळी वाळू तिथेच खर्ची पडेल.

आणि एक. फुगा थांबवण्यात यश आलं तर तो वाऱ्याबरोबर जाणार. हिवाळ्यात वरचा वारा बहुधा पश्चिमेकडून. ताशी ६० किमी धरला तरी चार तासांत २४० किमी, म्हणजे हैदराबादकडे जाणाऱ्या विमानांच्या वाटेवर. उतरताना ते सगळे थर त्याला ओलांडायचे आहेत. तेव्हा फुगा आणि डबा जोडणारी दोरी जाळून तोडणारी तार हवीच, आणि तिचं घड्याळ व बॅटरी मुख्य सर्किटपासून वेगळी. परवानगीच्या अर्जात लिहिलेल्या वेळेला दोरी तुटलीच पाहिजे, मग प्रयोग रंगात आलेला असो.

प्रश्न : शोधायला डब्यात जुना मोबाइल ठेवला तर चालेल का?
— वाचक, बार्शी

उत्तर : उतरल्यावर उपयोगी, वर असताना नाही. मोबाइल टॉवरचे अँटेना जमिनीच्या रोखाने असतात, काही किलोमीटरवर रेंज जाते. आणि पडला तो ओढ्यात, तर तिथेही नसतेच. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा लोरा ट्रान्समीटर (थोड्या विजेवर दूरवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ) लावा. फुगा वर असला की मध्ये आडवं काही नसतं, त्यामुळे इवल्याशा शक्तीवर संदेश शंभर किलोमीटर सहज येतो. जीपीएसचं मॉड्यूल मात्र तपासून घ्या. काही मॉड्यूल नेहमीच्या सेटिंगमध्ये १२ किमीच्या वर आकडे देणं बंद करतात, त्यांना विमानासाठीच्या मोडमध्ये टाकावं लागतं. वरच्या मुलांनी तेवढं केलं होतं, म्हणून त्यांच्याकडे सांगायला १८,२०० चा आकडा तरी आहे.

प्रश्न : शेतात असा डबा पडला तर काय करावं? पोरं उघडायला धावतात.
— शेतकरी, अक्कलकोट तालुका

उत्तर : उघडू देऊ नका. डब्यावर फोन नंबर असतो, त्यावर कळवा. नसेल तर पोलीस पाटलांना सांगा. विद्यार्थ्यांचेच असतात असं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून कित्येक वर्षं मोठे प्लॅस्टिकचे फुगे सोडते, त्यांची यंत्रं पॅराशूटने दूरवरच्या शेतांत उतरतात. ती नाजूक आणि महाग असतात, काहींमध्ये उच्च दाबाची वीज असू शकते. दोऱ्या ओढू नका. फुग्याच्या चिंध्या तेवढ्या लगेच गोळा करून उंचावर ठेवा, म्हशीच्या पोटात रबर गेलं तर ते पचत नाही.