आजी म्हणतात लिहू नका, मग वही भरायची कशी?

प्रश्न: आम्ही पाच जण मिळून आमच्या समाजातल्या म्हाताऱ्या माणसांकडून झाडपाला, बियाणं, गाणी अशी माहिती फोनवर रेकॉर्ड करतोय. एक आजी म्हणतात, लिहिलंत की ते आपलं राहत नाही. ग्रुपमधला एक जण म्हणतो लिहिलं नाही तर उद्या कोणीतरी पेटंट घेऊन बसेल. कोणाचं ऐकायचं?

उत्तर: आजींना येडं समजू नका, त्या बरोबर बोलतायत. दक्षिण आफ्रिकेतले सान लोक शिकारीला लांब जाताना हुडिया नावाची काटेरी वनस्पती चघळायचे, भूक मरते म्हणून. हे पुस्तकांत छापून आलेलं होतंच, तर तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात त्यातल्या घटकाचं पेटंट घेतलं, सान लोकांना साधं विचारलंही नाही, मग बोंबाबोंब झाल्यावर २००३ मध्ये कुठे वाट्याचा करार झाला. म्हणजे माहिती लिहिलेली होती, ती कोणाची हे कोणी धरलंच नाही.

आता तुमच्या मित्राची बाजू. हळदीने जखम भरते ह्यावर १९९५ ला अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, ते आपल्या सीएसआयआरने (भारताची सरकारी संशोधन परिषद) भांडून १९९७ ला रद्द करून घेतलं. पण तिथे 'आमच्याकडे घरोघरी लावतात हो' हे चालत नव्हतं, बाहेरच्या देशातला वापर असेल तर छापील पुरावाच लागायचा, म्हणून जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एका वैद्यकीय मासिकातला लेख दाखवावा लागला.

त्यामुळे लिहा, पण सगळं एकाच वहीत कोंबू नका. काय सगळ्यांना दाखवायचं, काय फक्त समाजात ठेवायचं आणि काय लिहायचंच नाही हे रेकॉर्डिंगच्या आधी बसून ठरवा, आणि ते ठरवणार सांगणारी माणसं, तुम्ही पाच जण नाही. नागोया प्रोटोकॉल (जैवविविधतेबद्दलचा २०१० चा आंतरराष्ट्रीय करार) पण हेच म्हणतो की असं ज्ञान वापरायचं तर आधी त्या समाजाची संमती आणि फायद्यात वाटा. परवानगी एकदा घेतली की झालं असंही नसतं, उद्या आजी म्हणाल्या काढून टाक तर काढायचं, कुरकुर न करता.

वहीत खरा घोळ होतो तो नावांचा. एकाच झाडाला तीन नावं असतात आणि कधी एकच नाव दोन वेगळ्या झाडांना, त्यात एखादं विषारी निघालं म्हणजे संपलंच. म्हणून नाव ऐकलं की शुद्ध करत बसू नका, तोंडातून आलं तसंच लिहा, कोणी सांगितलं तेही लिहा (अर्थात त्यांना नाव द्यायचं असेल तर), आणि फूल किंवा फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवा, कागद रोज बदला नाहीतर बुरशी धरते, सोबत तारीख, जागा, फुलाचा रंग असं चिठ्ठीवर लिहा कारण वाळल्यावर रंग उडतो. अशा नमुन्यावरून वनस्पतीशास्त्राचा माणूस नक्की ओळख पटवून देतो, नुसत्या पानाच्या फोटोवरून बरेचदा नाही जमत.

आणि फक्त 'कशावर चालतं' एवढंच विचारून उठू नका हो, सगळे तिथेच थांबतात. कधी तोडायचं, कोणी तोडायचं, किती मागे ठेवायचं, कुठलं गाणं त्या वेळी म्हणतात, हे सुटलं तर मागे उरते ती औषधांची यादी. झाड टिकलेलं असतं ते ह्या बाकीच्या गोष्टींमुळे, आणि त्या घरात बसून आठवत नाहीत, त्या माणसाबरोबर चालत गेलं की आपोआप निघतात.

आजींचं रेकॉर्डिंग आधीच झालं असेल तर ते ग्रुपवर टाकू नका. आधी त्यांना बसवून ऐकवा.