टीव्हीवरच्या विज्ञानकथांमध्ये डावा विचार खरंच असतो का?

तुम्ही विचारलंय, की अशा मालिकांमध्ये डावा विचार खरोखर असतो, की बघणारेच तो ओढूनताणून काढतात. असतो, आणि कधीकधी इतका उघड की शोधावाही लागत नाही.

'स्टार ट्रेक'चं नाव निघालं की लोक सांगतात, त्या जगात पैसाच उरलेला नाही, म्हणून ती मालिका डावी. मला ते पटत नाही. पैसा कोणी, कोणाशी भांडून घालवला हे तिथे फारसं दाखवतच नाहीत. डावा विचार दिसतो तो पगार कापला जातो तिथे. 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या अंतराळ स्थानकावरच्या मालिकेतला १९९६ चा 'बार असोसिएशन' हा भाग बघा. क्वार्कच्या बारमध्ये त्याचा सख्खा भाऊ रॉम राबतोय. कानाचं दुखणं अंगावर काढतोय, कारण आजारपणाची रजाच नाही. त्यात गिऱ्हाईक रोडावलं म्हणून क्वार्क सगळ्यांचा एक तृतीयांश पगार कापतो. हे दोघं भाऊ फेरेंगी, म्हणजे नफ्यालाच धर्म मानणाऱ्या परग्रहावरच्या जमातीतले. त्या लोकांत युनियन निषिद्ध, तरी रॉम ती उभी करतो आणि भावाला मार्क्स-एंगल्सच्या जाहीरनाम्यातलं वाक्य तोंडावर ऐकवतो: जगातल्या कामगारांनो, एक व्हा! स्थानकावरचा इंजिनिअर ओब्रायन रॉमला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १९०२ च्या कोळसा खाणींच्या संपात उतरलेल्या आपल्या पूर्वजाची गोष्ट सांगतो. पूर्वज कल्पित, पण संप खरा.

माझे आजोबा इथे नागपुरात एका कापड गिरणीत होते. हा भाग मी त्यांना मोबाईलवर दाखवला, संवाद मराठीत सांगत सांगत. रजेचा विषय आला तेव्हा ते नुसते 'हो' म्हणाले. शेवटी क्वार्क सगळ्या मागण्या मान्य करतो, पण गुपचूप, आणि युनियन मोडायच्या अटीवर. रॉम कबूल होतो. आजोबा खाटेवर उठून बसले. "मंग पुढच्या साली पगार कापला त हे लोकं कोणापाशी जातीन?"

याचं उत्तर त्या भागात नाही. 'बॅबिलॉन ५' या दुसऱ्या मालिकेतही (१९९४, 'बाय एनी मीन्स नेसेसरी' हा भाग) तसंच होतं. अंतराळ स्थानकाच्या गोदीत अपघातात कामगार मरतो, संप होतो, आणि तो मिटतो कशाने? तर स्थानकाचा प्रमुख कमांडर सिंक्लेअर लष्करी खर्चातला पैसा कामगारांकडे वळवतो म्हणून. साहेब भला निघाला. नसता तर?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचा २०१७ मधला 'ऑक्सिजन' हा भाग मला या दोन्हींपेक्षा सरस वाटतो. अंतराळातल्या खाणीवर हवा विकत घ्यायची, श्वासागणिक पैसे मोजून. माणसं परवडेनाशी झाली की त्यांना संपवायचा हुकूम त्यांच्या अंगावरच्या सूटनाच जातो. मालिकेचा नायक, ज्याला सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणतात, कंपनीच्या दयेवर विसंबत नाही. स्टेशनची अणुभट्टी तो कामगारांच्या जिवाशी जोडतो, म्हणजे ते मेले तर कंपनीचंच जास्त नुकसान. हे बघताना मला आजोबांचा पहाटेचा खोकला आठवत होता. एका हाताने खाटेची पाटी धरायची, दुसऱ्याने पंप चाचपायचा. गिरणीतल्या कापसाच्या पिंजेची ती देणगी, तिचे पैसे त्यांना कोणी दिले नाहीत. श्वासाचा हिशोब ही कल्पना मला तरी लांबची वाटली नाही.

आधी 'बार असोसिएशन' बघा, मग 'ऑक्सिजन'. मालिकेचं मागचं काही माहीत नसलं तरी दोन्ही समजतात.