वाचकांचे प्रश्न : उत्तर येईपर्यंत काय करायचं?

ख्रिस्ती वाचकांची या वेळची बरीचशी पत्रं मराठवाड्यातून आली आहेत आणि बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच आहे: प्रार्थना चालू आहे, उत्तर नाही. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं वगळली आहेत.

प्रश्न : सलाम. माझा मुलगा सात वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरला खोली करून राहतो, स्पर्धा परीक्षा देतो. दोनदा अगदी थोडक्यात गेलं. मी रोज पहाटे त्याच्यासाठी प्रार्थना करते. आता शब्दसुद्धा तेच तेच येतात. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक बाई म्हणाल्या, एकदा मागितलं की देवावर सोडून द्यावं, परत परत मागणं म्हणजे अविश्वास. मी थांबू का? (एक आई, अंबड, जि. जालना)

उत्तर : थांबू नका, ताई. परत मागणं हा अविश्वास असता तर लूकच्या १८व्या अध्यायातला विधवेचा दाखला येशूनं सांगितलाच नसता. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही, आणि ती बाई त्याच्याकडे हेलपाटे घालणं सोडत नाही. शेवटी तो वैतागून तिला न्याय देतो. देव त्या न्यायाधीशासारखा आहे, असं येशूला म्हणायचं नाही. असला माणूससुद्धा ऐकतो, तर देव आपल्या लोकांचं का ऐकणार नाही, असा त्याचा सवाल आहे. तेच तेच शब्द येतात म्हणूनही घाबरू नका. गेथशेमाने बागेत येशूनं तिसऱ्या वेळी पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय २६:४४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मत्तय ६:७ मध्ये त्यानं ज्या बडबडीला नावं ठेवली ती वेगळी. पुष्कळ बोललं की देवाला ऐकावंच लागतं, या समजुतीतून ती येते.

मात्र आपण नक्की काय मागतो, हे एकदा तपासायला हवं. शंभर पानी वही घ्या. एका पानावर तारीख टाकून मागणी एका ओळीत लिहा: मुलगा पास व्हावा. त्याखाली लिहा की ती मागणी कशासाठी आहे. पोट चालावं, लग्न जमावं, भावकीत मान राहावा, त्याचं मन खचू नये, जे खरं असेल ते. देवापुढे लाज कसली! तिसऱ्या ओळीत या आठवड्यात आपल्या हातात काय आहे ते लिहा. पंधरा दिवसांनी पान उघडा आणि तिन्ही ओळींवर वेगवेगळी प्रार्थना करा. पहिल्या ओळीचं उत्तर लांबलेलं असतानाच दुसऱ्या ओळीतल्या एखाद्या गोष्टीचं उत्तर येऊन गेलेलं असतं, असं पुष्कळदा घडतं. वही नसली तर ते ध्यानातही येत नाही.

चौथ्या शतकातल्या मोनिकाचं उदाहरण इथं उपयोगी पडेल. मुलगा ऑगस्टीन ख्रिस्ताकडे वळावा म्हणून ती कित्येक वर्षं रडून प्रार्थना करत होती. तो आफ्रिका सोडून रोमला जायला निघाला तेव्हा, तो जाऊ नये, अशी तिनं रात्रभर विनवणी केली. तो तिला फसवून त्याच रात्री गलबतात बसला. ती प्रार्थना, जशी मागितली तशी, फेटाळली गेली. पण त्याच वाटेनं तो पुढे मिलानला पोचला, तिथं बिशप अँब्रोजची प्रवचनं त्याच्या कानावर पडली आणि ३८७ सालच्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. नंतर ऑगस्टीननं स्वतःच लिहून ठेवलं की त्या रात्रीचं मागणं देवानं नाकारलं ते आईचं मूळ मागणं पुरं करण्यासाठी. तुमच्या वहीतली पहिली आणि दुसरी ओळ वेगळी ठेवायची ती यासाठीच.

आणखी एक. प्रार्थनेला मुदत घालू नका, पण प्रयत्नाला घाला. आणखी किती वेळा परीक्षा द्यायची, खोलीभाड्याचे पैसे कुठून येणार, या काळात दुसरं कोणतं काम शिकायचं, हे मुलाशी बसून ठरवा आणि कागदावर लिहा. हा अविश्वास नाही. बाबेलात बंदी करून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं पत्र धाडलं. त्यातलं २९:११, म्हणजे 'तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत' हे वचन, आपण कॅलेंडरवर छापतो. त्याच्या आधीच्या १०व्या वचनात सुटकेला सत्तर वर्षं लागतील हा आकडा आहे तो कुणी छापत नाही. आणि त्याही आधी, ५व्या-६व्या वचनांत, घरं बांधा, मळे लावा, लेकराबाळांची लग्नं करा, असं सांगितलंय. सुटका नक्की होती, पण तोवर पेरणी थांबवायची नव्हती.

प्रश्न : पुण्यात कंपनीत नोकरी लागते आहे. इकडे वडिलांची तीन एकर सोयाबीन-तुरीची शेती, आणि वडील थकलेत. देवाची इच्छा कळावी म्हणून डोळे मिटून बायबल उघडलं, तर वंशावळीचं पान निघालं. मग दोन चिठ्ठ्या टाकल्या, 'पुणे' निघालं. तरी मनाला शांती नाही. गिदोनानं लोकर ठेवली होती, तसं काही करावं का? (एक तरुण, उदगीर, जि. लातूर)

उत्तर : चिठ्ठी निघाल्यावरही मन शांत होत नसेल, तर आपण चिठ्ठीवर विश्वास ठेवलेलाच नव्हता. बहुधा निर्णय आधी झालेला असतो आणि त्यावर देवाची सही हवी असते.

गिदोनाची गोष्ट शास्ते ६ मध्ये पुन्हा वाचा. त्यानं रात्री लोकर बाहेर ठेवून, दव लोकरीवरच पडावं आणि जमीन कोरडी राहावी, अशी खूण मागितली. पण काय करायचं हे त्याला लोकरीच्या आधीच, १४व्या वचनात, सांगून झालं होतं. लोकर होती ती भीती घालवण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा मागताना 'माझ्यावर रागावू नकोस' असं तो स्वतःच म्हणतो. देवानं त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतलं. म्हणून ती सगळ्यांसाठी रीत ठरत नाही. चिठ्ठ्यांचंही तसंच. प्रेषितांची कृत्ये १ मध्ये यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठीनं झाली खरी, पण आधी पात्रता ठरली, मग दोन नावं पुढे आली, मग प्रार्थना झाली, आणि त्यानंतर चिठ्ठी. पेंटेकॉस्टनंतर, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्यावर, शिष्यांनी चिठ्ठी टाकल्याचा उल्लेख पुढे कुठंच नाही.

त्याच पुस्तकाच्या १६व्या अध्यायात काय घडतं ते जास्त उपयोगाचं आहे. प्रेषित पौलाला आशियात (आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या रोमी प्रांतात) वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियाची वाट बंद झाली, त्रोवसला रात्री दृष्टान्त झाला. दृष्टान्त एकट्या पौलाला दिसला, पण 'देवानं आम्हाला बोलावलं आहे' असं अनुमान सोबतच्या सगळ्यांनी मिळून काढलं. बंद झालेली दारं, एकाला मिळालेली सूचना आणि बाकीच्यांचा विचार यांची सांगड तिथं घातली गेली. आणि फिलिप्पैला पोचल्यावर फटके बसले, तुरुंग घडला. तेव्हा वाट बरोबर असली की त्रास होत नाही, हेही मनातून काढून टाका.

तुमच्यासाठी काम असं. आधी कर्तव्य कोणतं ते पाहा. आईवडिलांचा मान राखणं ही आज्ञाच आहे, तिथं वेगळं मार्गदर्शन मागायची गरज नाही. पण मान राखणं म्हणजे स्वतः नांगर धरणंच, असं नाही. बटईनं शेत देता येतं का? महिन्याला किती रक्कम घरी पाठवता येईल? बहीण-मेहुणे जवळ आहेत का? ही माहिती काढायला आठवडा लागेल, आणि ती काढणं हा प्रार्थनेचाच भाग समजा. मग तुमचं भलं चिंतणारी, पण तुमची मर्जी राखायची गरज नसलेली दोन माणसं गाठा, पाळकसाहेब आणि शेती कळणारा एखादा वडीलधारा. त्यांना दोन्ही बाजू सांगा. सांगताना कुठल्या बाजूला तुमचा आवाज चढतो तेही त्यांना विचारा.

वाट किती दिवस पाहायची? यरुशलेम पडल्यावर उरलेल्या लोकांनी यिर्मयाला विचारलं: मिसरला जावं की इथंच राहावं? देव सांगेल ते बरं असो वा वाईट, आम्ही ऐकू, असं त्यांनी वचनही दिलं. यिर्मयासारख्या संदेष्ट्यालासुद्धा उत्तरासाठी दहा दिवस थांबावं लागलं (यिर्मया ४२:७). उत्तर आलं, इथंच राहा. त्यावर ते म्हणाले, तू खोटं बोलतोस! कारण विचारायच्या आधीच ते मिसरच्या वाटेला लागलेले होते. कंपनीनं होकार कळवायला जी तारीख दिली असेल, तोवर थांबा. तारीख आली, मनाई कुठून झाली नाही आणि कर्तव्याची सोय लागली, तर निर्णय घ्या. बायबलाचं कुठलं पान निघतं, हा नाद सोडा.

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. एका सभेत प्रचारकानं आमच्या डोक्यावर हात ठेवून, तीन महिन्यांत पाळणा हलेल, असं सांगितलं. त्या वेळी 'विश्वासाचं बीज' म्हणून पैसेही दिले. वर्ष उलटलं. आता म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडला. (एक दांपत्य, जि. बीड)

उत्तर : तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. देवाच्या नावानं सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ते वचन देवाचं नव्हे आणि सांगणाऱ्याला भिऊ नये, असं अनुवाद १८:२२ मध्ये आहे. जबाब त्या माणसानं द्यायचा आहे, तुम्ही नव्हे. यापुढे 'बीज' म्हणून एक रुपयाही देऊ नका. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, एवढंच आहे. तिथं पैशाचा विषय नाही. तुमच्या पाळकांना घरी बोलवा.

१ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात हन्ना वर्षानुवर्षं हेच दुःख घेऊन मंदिरात जाते. सवत टोचून बोलते, आणि याजक एलीला ती प्यायलेली वाटते! धर्माच्या जागी बसलेला माणूसही दुःख ओळखायला चुकतो, हे पवित्र शास्त्रानं झाकून ठेवलेलं नाही. पुढे १८वं वचन पाहा. तिनं जेवण केलं आणि तिचा चेहरा पुन्हा उदास दिसला नाही. त्या वेळी गर्भ राहिलेला नव्हता. मन मोकळं झालं ते मूल होण्याच्या आधी. हन्नाला शमुवेल मिळाला तसं प्रत्येकाला मिळेलच, असं आश्वासन आम्ही देणार नाही. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला मिळालं ते 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच.

तपासणी झाली आहे का, हे पत्रात नाही. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहत नसेल तर दोघांचीही तपासणी करावी, बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी आणि कमी खर्चाची असते, ती सुरुवातीलाच व्हावी. आमच्याकडे वर्षानुवर्षं सून एकटीच दवाखान्याच्या पायऱ्या झिजवते आणि लेकाला कुणी विचारत नाही, हे पाप आहे असं आमचं मत आहे. तुम्हाला अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ पडेल. स्त्रीरोग विभागात दोघं मिळून जा, आधीचे सगळे कागद सोबत ठेवा.

आणि रविवारी उपासनेत लोक देवानं काय दिलं ते सांगतात, त्या साक्षींबद्दल थोडं. उभं राहून बोलतो तो ज्याला मिळालं तो. ज्यांची वाट अजून संपलेली नाही ते बाकावर गप्प बसलेले असतात, म्हणून आपण एकटेच मागे राहिलो असं वाटतं. तुमच्या मंडळीत महिन्यातून एकदा तरी वाट पाहणाऱ्यांनाही बोलू द्यावं, असं पाळकांना सुचवून पाहा.

प्रश्न : पावसासाठी आम्ही सभा घेतली, पाऊस आला नाही. गावात लोक चेष्टा करतात. (गेवराई)

उत्तर : एलीया संदेष्ट्याला, पाऊस पाडीन, असं देवाचं वचन आधीच मिळालं होतं (१ राजे १८:१), तरी कार्मेलवर गुडघ्यांत डोकं घालून त्याला प्रार्थना करावी लागली आणि चाकराला सात वेळा समुद्राकडे पाहायला पाठवावं लागलं. सहा वेळा 'काही नाही' हेच उत्तर आलं. तुम्ही एक सभा घेतलीत. दर बुधवारी अर्धा तास ठेवा. त्यातली वीस मिनिटं प्रार्थना करा आणि उरलेल्या दहा मिनिटांत टँकरची खेप कुणाच्या दारी पोचली नाही, कुणाच्या जनावराला चारा नाही, याची यादी करा. आणि १७वा अध्यायही वाचा. करीथ ओहोळापाशी एलीयाला देवानंच पाठवलं होतं, तरी पाऊस नसल्यानं तो ओहोळ आटला. सारफथला जाण्याची आज्ञा आली ती त्यानंतर.

प्रश्न : मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मंडळीत २१ दिवसांची उपास-प्रार्थना आहे. मी धरू का? (परभणी)

उत्तर : निरंकार धरू नका. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम उतरते. आपल्या मनानं गोळी बंद करणंही धोक्याचं, आधी डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, छातीत धडधड जाणवली तर उपास तिथंच सोडून तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, आणि त्यानंतर जेवा. ज्या दानीएलच्या नावानं हे २१ दिवस पाळतात, त्यानं तीन आठवडे रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडला होता (दानीएल १०:३). अन्न अजिबात घेतलं नाही, असं तिथं लिहिलेलं नाही. तुम्ही मटण, फरसाण आणि संध्याकाळचा टीव्ही सोडा. जेवण आणि गोळी वेळेवर घ्या.