मॅटलॅब या गणिती प्रोग्रामिंग भाषेत += (बी = बी + १ ऐवजी बी += १ लिहायची सोय) अजून का नाही? 'व्हाय' कमांडसारखे विनोद करायला बरा वेळ मिळतो!

विनोदाचं सोपं आहे. व्हाय ही एक साधी एम-फाइल, म्हणजे मॅटलॅब कोडची फाइल आहे. शब्दांची सरमिसळ करून 'का?' चं गमतीदार उत्तर जुळवते, आणि आपल्या आवडीप्रमाणे हिच्यात भर घाला असं तिच्या हेल्पमध्येच लिहिलंय. += साठी मात्र पार्सरलाच, म्हणजे कोड वाचून अर्थ लावणाऱ्या भागालाच हात घालावा लागतो, आणि तिथे स्पेसचा घोळ आधीपासून आहे: चौकोनी कंसात 'ए -१' म्हणजे दोन घटक, 'ए - १' म्हणजे एक. तरी तेवढ्यावर अडलंय हे मला पटत नाही. ऑक्टेव्ह या मॅटलॅबसारख्याच मोफत भाषेतही कंसाचा हाच नियम आहे आणि तिथे += मजेत चालतं.

आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी होते. मी += चा विषय काढला की 'तुम्हाला टायपिंगचा कंटाळा' हे ठरलेलं. वर प्रॉम्प्टवर व्हाय टाकून येईल ते उत्तर मोठ्याने वाचायचे, सगळे हसायचे. पुढे त्यांच्याच कोडमध्ये उष्णतेचा ताळेबंद जुळेना. मेश, टाइम स्टेप, बाउंड्री कंडिशन, सगळं तपासून झालं. शेवटी मला सापडलं. बेरजेच्या एका ओळीत = च्या डावीकडे फ्लक्स_सम(सेल(के),३), उजवीकडे फ्लक्स_सम(सेल(के),२). ओळ कॉपी केली, एक आकडा बदलायचा राहिला. एरर नाही, वॉर्निंग नाही, ग्राफ तर देखणा. += असतं तर ते नाव दुसऱ्यांदा लिहावंच लागलं नसतं! 'नजरचूक,' म्हणाले. मी प्रॉम्प्टवर व्हाय टाकलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

तेव्हा कंपनी ऐकतच नाही म्हणून रडू नका. २०१४बी आवृत्तीत ग्राफची डिफॉल्ट रंगपट्टी जेट जाऊन पारुला झाली. २०१६बी मध्ये स्क्रिप्टमध्येच फंक्शन लिहायची सोय आली, आणि बीएसएक्सफन या फंक्शनशिवाय ओळ अधिक स्तंभ चालू लागलं (त्या नावावर आम्ही काय काय बोललोय ते इथे नको). मागणी करताना 'पायथनमध्ये आहे' एवढंच लिहू नका. पायथन तरी कुठे लाड करतं? फ्यूचरमधून ब्रेसेस (महिरपी कंस) इम्पोर्ट करून बघा, 'नॉट अ चान्स' असा सिंटॅक्स एरर तोंडावर मारतं. कुठल्या ओळीतली कसली चूक टळली असती ते दाखवा.

हां, एक राहिलं. पायथनच्या नमपाय लायब्ररीत ए हा अ‍ॅरे असताना बी = ए करून मग बी += १ केलं तर ए सुद्धा बदलतो; बी = बी + १ ने बदलत नाही. आमचे ज्येष्ठ शेवटी याच मुद्द्यावर अडून बसले. पण मॅटलॅबमध्ये साधा मॅट्रिक्स दुसऱ्या नावाला दिला की पुढचा बदल त्या नावापुरताच राहतो, त्यामुळे ती भीती इथे गैरलागू. हँडल क्लासचं वेगळं, तिथे दोन्ही नावं एकाच वस्तूची असतात, पण साधी फ्लक्सची बेरीज हँडल क्लासमध्ये कोण ठेवतं?

(ते ठेवायचे.)