घर घेतल्यावर वाळवी निघाली तर खर्च कोणाचा?

साधारणपणे एकदा व्यवहार पूर्ण झाला की खर्च घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतो. विकणाऱ्याला वाळवी माहीत होती आणि त्याने मुद्दाम लपवली हे दाखवता आलं तर भरपाई मागता येते बऱ्याच ठिकाणी, पण ते सिद्ध करताना नाकी नऊ येतात, म्हणून तपासणी सही करायच्या आधीच करा आणि माणूस तुम्ही निवडलेला असू द्या, एजंटने आणलेला नको प्लीज.

स्वतःही बघा. दाराच्या चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, पोकळ आवाज आला किंवा टोक सहज आत गेलं तर लाकूड आतून खाल्लेलं असू शकतं. भिंतीच्या कडेला, सिंकखाली पेन्सिलएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसतात का? जमिनीतली वाळवी ओलावा टिकवायला अशा बंद वाटेनेच ये-जा करते. खिडकीपाशी वाळवीचे गळलेले पंख पण बघा. आणि एकाच चौकटीला नवा रंग दिलेला असेल तर तिथे आधी ठोका!

रिपोर्ट फक्त दिसणाऱ्या भागाचा असतो, फॉल्स सीलिंग किंवा फिक्स कपाटामागचं त्यात येत नाही.

वाळवी निघाली म्हणून घर सोडायलाच हवं असं नाही. औषध मारणं वेगळं आणि खाल्लेलं लाकूड बदलणं वेगळं, दोन्हीचा अंदाज घ्या आणि मग किंमत कमी करून घ्या नाहीतर कोण करणार ते करारात लिहून घ्या, तोंडी अजिबात नको. होम इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, बहुतेक पॉलिसीत वाळवीचं नुकसान वगळलेलं असतं.